डॉक्टरची गाडी

आष्टीत कुणी नवी गाडी घेतली तर गावाला फार काम पडत नाही. बॉनेटवर शोरूमची फीत आहे तोवर दारात जायचं, पेढा घ्यायचा, "ॲव्हरेज काय देते?" एवढं विचारायचं, हप्ता किती ते शेजाऱ्याकडून काढून घ्यायचं आणि आपापल्या घरी यायचं. नव्या गाडीच्या काचा बंद असतात, सीटवरचं प्लास्टिक दोन-दोन वर्षं निघत नाही आणि तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही. जुनी गाडी आली की मात्र तिचं बॉनेट वर होतं. आमच्याकडे वर झालेल्या बॉनेटखाली वाकून बघणं हा ज्याचा त्याचा हक्क आहे. दूध घालायला निघालेला माणूस सायकल स्टँडवर लावून वाकतो. गाडी कुणाची, बंद का पडली, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. "करंट येतो का?" असं मात्र तो विचारतो, आणि उत्तर काहीही आलं तरी मान हलवून म्हणतो, "तरीच."

आमचे थोरले बंधू अण्णा यांनी मारुती आणल्यापासून आमच्या अंगणात हे रोज चालू आहे.

अण्णा गेले होते जालन्याला, कापसाचं बियाणं आणायला. तीच पिशवी त्याच दरानं परतूरला मिळते, आष्टीतल्या कृषी केंद्रातही मिळते. पण बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 साली जालन्यात महिको काढली, तेव्हापासून जालन्याहून आणलेलं बी जास्त उगवतं अशी आमच्या वडिलांची समजूत होती, आणि सातबाऱ्याबरोबर तीही अण्णांच्या नावावर चढली. आता जालना जसं बियाण्याचं, तसंच लोखंडाचं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्या आहेत; ठिकठिकाणचं भंगार तिथं येतं, वितळतं आणि बांधकामाची सळई होऊन बाहेर पडतं. बियाण्याच्या दुकानात गर्दी होती म्हणून अण्णा चहाला बाहेर पडले. टपरीसमोर एक पांढरी मारुती 800 उभी होती आणि दोन माणसं तिच्याबद्दल किलोच्या भाषेत बोलत होती. टायर काढून किती भरेल, टायरासकट किती. अण्णांचा चहा तिथंच थंड झाला. भंगाराच्या भावावर थोडे चढवून त्यांनी 32,000 रुपयांना गाडी सोडवली.

गाडी आष्टीला आली ती टेम्पोत बसून. बियाण्याच्या पिशव्या मात्र तिच्या मागच्या सीटवर होत्या. त्यामुळे "गाडीतून बियाणं आणलं" हे अण्णांचं म्हणणं खोटं म्हणता येत नाही.

वहिनी पदर खोचून बाहेर आल्या.

"बियाणं आणायला गेलते ना?"

"आणलं की. आत हाय बघ."

"आन् हे काय आणलं?"

"हे सस्त्यात होतं."

"चालतं का?"

अण्णांनी इकडं तिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "डॉक्टरची गाडी हाय."

जुन्या गाड्यांच्या बाजारात हे एकच वाक्य चालतं. तिथं कोणतीही गाडी शेतकऱ्याची, ठेकेदाराची, वडाप करणाऱ्याची नसते. सगळ्या गाड्या डॉक्टरच्या. हा डॉक्टर घर ते दवाखाना एवढीच गाडी चालवतो, चाळीसच्या वर काटा जाऊ देत नाही, सर्व्हिसिंगची तारीख चुकवत नाही आणि शेवटी मुलाकडे अमेरिकेला निघून जातो. गाडी "एक हाती", "कंपनी रंगातली", "इंजिनाला पाना न लागलेली" असते. या हिशेबानं मराठवाड्यातल्या एकेका डॉक्टरकडे किमान चाळीस गाड्या असल्या पाहिजेत. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत डॉक्टर वेळेवर का सापडत नाही याचाही त्यातून उलगडा होतो. तो बिचारा एका गाडीतून उतरून दुसरी हळू चालवत असतो.

दुसऱ्या दिवशी गाडी झाडायला घेतली. डॅशबोर्डाच्या कप्प्यात आडतीच्या पट्ट्या निघाल्या, भंडाऱ्याची एक पुडी निघाली, आणि मागच्या सीटखाली शेळीच्या लेंड्या निघाल्या. आम्ही सगळे अण्णांकडं पाहायला लागलो. अण्णा जराही डगमगले नाहीत. म्हणाले, "जनावराचा डॉक्टर असंल."

खरेदी आधी आणि कारणं नंतर, हा आमच्या घरातला क्रम. पहिल्या आठवड्यात अण्णांनी कारणांचा साठा केला. आईचे गुडघे दुखतात, तिला मोटारसायकलवर बसवत नाही. परतूरला रेल्वे स्टेशन आहे, कधी रात्रीच्या गाडीनं कुणी आलं तर? पावसाळा आहे. दिवाळी आहे. पाहुण्यांत जायचं म्हटलं की दुसऱ्याच्या गाडीत तेल टाकावं लागतं. आईनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माझे गुडघे आठ वर्सापासून दुखायलेत. तुला आजच कसे दिसले?"

मारुतीची बाजू घेऊन एवढं सांगायला हवं, की ही गाडी म्हणजे साधी चीज नव्हे. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात दिली, तेव्हा तिची किंमत होती सुमारे 47,500 रुपये. 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, बारा इंची चाकं, चार माणसांची जागा. आपल्या लोकांनी "चार" हा आकडा कधी मनावर घेतला नाही. 2014 च्या जानेवारीत उत्पादन थांबेपर्यंत देशात 25 लाखांहून जास्त गाड्या खपल्या. हरपाल सिंग गेल्यावर ती पहिली गाडी, डीआयए 6479, त्यांच्या घरासमोर गंजत पडली होती. पुढं कंपनीनं तिला पार नवी करून आपल्या मुख्यालयात नेऊन ठेवलं. ही हकीकत अण्णांना मोबाइलवर कुणीतरी पाठवली. त्या दिवसापासून ते आमच्या गाडीकडं ऐतिहासिक नजरेनं बघायला लागले.

त्यात भर पडली सचिनची. सचिन तेंडुलकरची पहिली गाडी मारुती 800. ती आता त्याच्याकडं नाही, आणि 2020 साली एका मुलाखतीत तो म्हणाला होता की ती परत मिळाली तर फार आवडेल. ही बातमी पाच वर्षं फिरत फिरत आष्टीत पोचली आणि थेट आमच्या अंगणात थांबली. पोरं चेसिस नंबरचे फोटो काढून नेऊ लागली. आमची गाडी 1998 ची आणि नंबर एमएच 20, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा, सचिन मुंबईचा. ही विसंगती मी दाखवून दिली. तर एकजण म्हणाला, "का बरं, इकली असंल एखाद्या डॉक्टरला."

गाडी मात्र चालू होत नव्हती. किल्ली फिरवली की आतून नुसतंच "टक" व्हायचं. या "टक"वर आष्टीनं जेवढा विचार केला तेवढा मागच्या ग्रामसभेतल्या कोणत्याही विषयावर झाला नव्हता. माणूस ज्या धंद्यातला, त्या धंद्यातला बिघाड त्याला दिसतो. विहिरीवरच्या मोटारी भरणाऱ्यानं नुसता वास घेतला आणि सांगितलं, "वायंडिंग जळालीय." ट्रॅक्टरवाला म्हणाला, "पंपानं हवा धरली, एअर काढा." पेट्रोलची गाडी आहे असं सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग तर नक्कीच." एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरसाहेब स्टिअरिंगवर बसले, गिअर खालीवर केला, आरशात बघून भांग सारखा केला आणि "क्लच गेला" असा निकाल दिला. मग त्यांनी घाटात ब्रेक फेल झालेल्या गाडीची गोष्ट काढली, आणि चहा येईपर्यंत ते सीटवरून उठले नाहीत. गुरुजींनी मोबाइलवर दुरुस्तीचा व्हिडिओ लावला. तो तमिळमध्ये होता. पण बोट कुठं ठेवलंय ते स्वच्छ दिसतंय, असं त्यांचं म्हणणं. नववीतल्या एका पोरानं बोटाच्या दिशेनं दोन वायरी जोडल्या. हॉर्न वाजायला लागला आणि थांबेना. बॅटरीची वायर उपटेपर्यंत अर्धं गाव गोळा झालं. उरलेल्या अर्ध्याला गाडीत करंट आहे हे घरबसल्या कळलं.

शेवटी गाडी ढकलत रस्त्यावरच्या गॅरेजात नेली. गॅरेजवाले चाचा मूळचे काळीपिवळीचे मिस्त्री. जीपच्या आख्ख्या पिढीला त्यांनी म्हातारपणापर्यंत सांभाळलं आणि आता दुचाकीवर दिवस काढतात. समोर चारचाकी बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, छतावर थाप मारली आणि म्हणाले, "फिकर नक्को करो अण्णा. गाडी में जान है."

"खर्च किती येईल?"

"खोले बगैर कैसा बोलूं?"

अण्णांना हे पटलं. मला वाटतं, जगातले मोठमोठे खर्च याच वाक्यानं सुरू होत असावेत.

खोललं, आणि पुढं काय झालं ते कोणत्याही जुन्या गाडीवाल्याला सांगायला नको. दोष दुरुस्त होत नसतो, तो पुढच्या भागात सरकतो. सेल्फ भरून आणला, तर बॅटरी उतरलेली. बॅटरी बदलली, तर वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. वायरिंग झालं, तर प्लगवर तेल. म्हणजे रिंगा गेल्या. रिंगा बदलायच्या म्हणून हेड उतरवलं तर बोअर घासलेला. लेथवाल्यानं बोअर करून दिला, इंजिन बांधलं, आणि एका संध्याकाळी ती खरोखरच चालू झाली. बारीक, पातळ, तीन सिलिंडरचा आवाज. गॅरेजात टाळ्या पडल्या. चाचांनी गाडी थोडी पुढं घेतली आणि ती पंक्चरवाल्याच्या पाण्याच्या टाकीला जाऊन टेकली. ब्रेक नव्हते. आता यात चाचांना दोष देता येत नाही. गाडी चालत नव्हती तोवर ती थांबत नाही हे कळणार कसं?

सामान कुठून आणायचं हा वेगळाच तंटा. जालना जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्याआधी आमचा परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता, आणि गावातल्या जुन्या मंडळींच्या मनानं हा बदल अजून मान्य केलेला नाही. कोर्टकचेरीला ते नाइलाजानं जालन्याला जातात. पण लग्नाचा बस्ता, दात आणि गाडीचं सामान परभणीचंच. तरुण पोरांचा ओढा जालन्याकडं. क्लच प्लेट परभणीहून आली, प्रेशर प्लेट जालन्याहून. दोन्ही एकमेकींवर नीट बसेनात तेव्हा एक आजोबा समाधानानं म्हणाले, "बसणार कशा? जिल्हे येगळे हायेत."

सामानात तीन जाती असतात: कंपनीचं, डुप्लिकेट, आणि जुनं ओरिजिनल. यात सगळ्यात वरचा मान जुन्या ओरिजिनलला. दुसऱ्या एखाद्या मेलेल्या मारुतीतून काढलेला, तेलकट, अर्धवट झिजलेला वॉटर पंप हातात घेऊन चाचा जे बघत, ते सराफानंच बघावं. नव्या खोक्यातला पंप पुढं केला की तोंड फिरवून म्हणत, "ये तो बजार का माल है." नवीन वस्तूवर विश्वास न ठेवण्याची ही रीत मला आवडते. मतदार म्हणूनही आम्ही तशीच पाळत आलोय.

एवढ्यात पेट्रोलचं निघालं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. 1998 च्या गाडीतले रबरी पाइप आणि कार्बोरेटरमधली गॅसकिटं त्या काळातल्या पेट्रोलच्या हिशेबानं केलेली. इथेनॉल त्यांना मानवत नाही, ती फुगतात, चिरतात. आमची गाडी मिसिंग मारायची, रेस सोडली की मरायची. चाचा कार्बोरेटर खोलून जेटला फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "कचरा आया." तो कचरा म्हणजे आतल्या पाइपाचाच भुगा होता. इथेनॉल उसापासूनही होतं. आमच्या शिवारात ऊस आहे, अण्णांचाही दोन एकर आहे, दरवर्षी कारखान्याला जातो. म्हणजे अण्णांच्या उसानं अण्णांच्या गाडीचा पाइप खाल्ला. अण्णांना हे समजावून सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "मंग त्याचा भाव कोण देणार?"

उंदरांचं सांगायचं राहिलंच. नवं वायरिंग केल्यावर त्यांच्या बंदोबस्तासाठी गावानं जे उपाय सुचवले त्यात डांबराच्या गोळ्या होत्या, तंबाखूची पुडी होती, मिरीची धुरी होती आणि मांजर होतं. अण्णांनी सगळे एकदम केले. मांजर पहिल्याच रात्री निघून गेलं. उंदीर आहेत.

कागदपत्रांच्या बाबतीत मी चाचांपेक्षा सरकारला जास्त मानतो, कारण सरकार खोलल्याशिवायही खर्च सांगतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढं दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. आमच्या गाडीची मुदत 2023 मध्येच संपलेली, म्हणजे डॉक्टरसाहेब कागदाच्या बाबतीत तरी अगदी शेतकरी निघाले. नूतनीकरणाची फी एके काळी 600 रुपये होती. एप्रिल 2022 मध्ये ती 5,000 झाली. आणि आमची गाडी गॅरेजात चार लाकडी ठोकळ्यांवर उभी असताना, ऑगस्ट 2025 मध्ये, वीस वर्षांवरच्या गाडीला ती 10,000 झाली. त्यावर पर्यावरण कर, उशिराचा दंड, नावावर करायचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म, त्यांच्यावर मूळ मालकाच्या सह्या. मूळ मालक सापडला. तो अमेरिकेत नव्हता. त्याचं किराणा दुकान आहे आणि त्यानं गाडी आयुष्यात फक्त एका डॉक्टरला विकली होती. हा डॉक्टर मात्र काही केल्या सापडेना.

तपासणीला न्यायची म्हणजे गाडी जरा बरी दिसायला हवी, म्हणून रंगाचं काम काढलं. पेंटरनं खिशातून चुंबक काढलं आणि दारावरून फिरवलं. ते कुठंच चिकटलं नाही. पत्रा गळून गेलेला आणि वर्षानुवर्षं थरावर थर लांबी भरलेली. बॉनेटावर थोडं चिकटलं तेव्हा अण्णांचा चेहरा उजळला. मला त्या जालन्याच्या भंगारवाल्याचं वाईट वाटलं. त्यानं ही गाडी वजनावर घेतली असती तर पुरता बुडाला असता. भट्टीत टाकल्यावर तिच्यातून सळई थोडी आणि धूरच जास्त निघाला असता.

या सगळ्या काळात अण्णांना धीर होता तो देवराष्ट्र्याचा. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातलं सामान जमवून स्वतःच्या हातानं एक लहानशी चारचाकी बनवली. मोटारसायकलसारखी किक मारून चालू होणारी. खर्च सांगितला सुमारे 60,000 रुपये. तिचा व्हिडिओ 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी पाहिला आणि ही गाडी मला द्या, बदल्यात नवी बोलेरो घ्या असं कळवलं. पुढच्याच महिन्यात लोहार कुटुंबाच्या ताब्यात बोलेरो आली. घरच्या पोरांसाठी गाडी करायला बसलेल्या माणसाचं कसब दिसावं आणि त्याचं चीज व्हावं, ही मला आजच्या काळातली फार समाधानाची गोष्ट वाटते. अण्णांनी तिच्यातून एवढाच अर्थ घेतला, की आपणही व्हिडिओ काढावा. पुतण्यानं काढलाही. त्यात अण्णा बॉनेटाला हात लावून उभे आहेत आणि मागं गाडी ढकलणारी चार माणसं दिसतात. महिना गेला, बोलेरो आली नाही. वहिनींनी कणीक मळता मळता निकाल दिला. "त्या माणसानं भंगाराची गाडी केली. तुम्ही गाडीचं भंगार इकत घेतलं. बोलेरो कशी यावी?"

तरी दसऱ्याला गाडी रस्त्यावर आली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. परतूरपर्यंत जाऊन यायचं ठरलं, आणि इथं जुन्या गाडीचा कायदा पुन्हा आडवा आला. ज्यानं ज्यानं गाडीला हात लावला होता त्याचा त्याचा सीटवर हक्क होता. ड्रायव्हरसाहेब तर आधीच पुढं बसलेले. ट्रॅक्टरवाला, मोटारी भरणारा, गुरुजी, पेंटर मागं कोंबले. नववीतलं पोरगं डिकीत. चाचा पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन गिअरच्या शेजारी कसेबसे टेकले. अण्णांनी गाडी चालवावी असं कुणाच्या मनात आलं नाही. ते मोटारसायकलवर मागून आले, रस्त्यात काही पडलं तर उचलायला. सायलेन्सर पहिल्याच गतिरोधकावर पडला. तो त्यांनी उचलला. आई ओट्यावर बसून बघत होती. तिच्या गुडघ्यांची आठवण त्या दिवशी फक्त तिलाच होती.

त्या फेरीनंतर कार्बोरेटरनं मात्र कायमचा राम म्हटला. परभणीत नव्हता, जालन्यात नव्हता, जुना ओरिजिनलही कुठं निघेना. पुतण्यानं मोबाइलवरून मागवला. पत्त्यात तालुका लिहिला नाही, आणि जिल्हा बघायची सवय पार्सल लावणाऱ्याला नसावी. महाराष्ट्रात आष्ट्या काही कमी नाहीत. बीड जिल्ह्यात एक, ती स्वतःच तालुका; 2022 पासून तिथं अहिल्यानगरहून रेल्वेसुद्धा येते. वर्धा जिल्ह्यात एक, तीही तालुका, आणि तिथल्या लोकांनी 1942 च्या आंदोलनात प्राण दिले म्हणून ती शहीद आष्टी. सोलापूरच्या मोहोळ तालुक्यात एक. गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात एक. आमची आष्टी यांतल्या कुणापेक्षा कमी नाही. पण पार्सलच्या मनात पहिली ती येत नाही. मोबाइल पार्सल "आष्टीत पोचले" असं दाखवतो आणि पुतण्या दारात उभा राहतो. आधी ते बीडच्या आष्टीत पोचलं होतं, मग परत फिरलं आणि वर्ध्याच्या आष्टीत पोचलं. आता म्हणे तिथूनही निघालंय.

गाडी तोवर लिंबाच्या झाडाखाली, बॉनेट वर करून उभी आहे. माणसं थांबतात, वाकतात, करंटची चौकशी करतात. वहिनींनी मागच्या सीटवर सोयाबीनची पोती ठेवली आहेत. पावसाचा एक थेंब आत येत नाही, हे त्यांनी अण्णांच्या समोर मान्य केलं.

म्हणून बाकीच्या सगळ्या आष्टीकरांना हात जोडून विनंती. तुमच्याकडं मारुती 800 चा कार्बोरेटर, 1998 मॉडेल, खोक्यात बंद असा चुकून उतरला, तर कृपा करून तो खोलू नका, त्याला फुंकर मारू नका आणि कुणी कितीही शहाणा भेटला तरी दुसऱ्या गाडीला लावून बघू नका. आमचा पत्ता: मुक्काम पोस्ट आष्टी, तालुका परतूर, जिल्हा जालना. परभणी लिहिलंत तरी जुनी माणसं आणून देतील.